शिट्टी वाजली, पण कशाची? मराठवाड्यातील फुटबॉल संघटनांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या फुटबॉल संघटना, त्यांची पंच मंडळे आणि शालेय स्पर्धा भरवणारी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालये

सप्रेम नमस्कार.

तालुक्याचा कोणताही शालेय सामना घ्या. फक्कीने आखलेल्या पेनल्टी एरियात दोन पोरे एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, पंच हाताने दिशा दाखवतात. पाच सेकंदांत त्यांच्याभोवती सात-आठ जण गोळा झालेले असतात. "सर, आधी बॉलला लागला ना!" "सर, हँड कुणाचा?" रेषेबाहेरून प्रशिक्षक ओरडतात, त्यांच्यामागून पालक. या घोळक्यातल्या बऱ्याच जणांचा निर्णयाला विरोध नसतो. निर्णय कशाचा दिला, हेच त्यांना कळलेले नसते. आणि पंच गप्प असतात, कारण फुटबॉलमध्ये पंचाला गप्प राहायलाच शिकवले जाते.

नियमपुस्तकही त्याला फार बोलते करत नाही. पाचव्या नियमात पंचाच्या खुणा मोजक्याच आहेत: डायरेक्ट फ्री किक, इनडायरेक्ट, पेनल्टी, ॲडव्हांटेज, कॉर्नर, गोल किक, कार्ड आणि व्हीएआरची (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचाची) चौकट. किक कुणाला मिळाली हे यातून कळते. कशाबद्दल मिळाली, याची एकही खूण नाही. रग्बीत उलटे आहे. तिथे पंच शिट्टी वाजवून हात उंचावतात, ज्या संघाला पेनल्टी मिळाली त्या बाजूला. लगेच दुसरी खूण करून कारण दाखवतात आणि तोंडाने सांगतातही: रंग, नंबर, गुन्हा. "निळा सात, बाजूला झाला नाही." पंचाच्या कॉलरचा माइक थेट प्रक्षेपणाला जोडलेला असतो. इंग्लंडमध्ये तर प्रेक्षकांना मैदानात कानाला लावायचा छोटा रेडिओ मिळतो आणि पंचाचा शब्द न् शब्द ऐकू येतो.

रग्बी आपल्याकडे फारसे कुणी बघत नाही, हे मान्य. पण आपले क्रीडाशिक्षक फुटबॉलबरोबर बास्केटबॉललाही पंच म्हणून उभे राहतात. बास्केटबॉलचा पंच फाउल दिल्यावर टेबलाकडे वळतो, बोटांनी नंबर दाखवतो, मग ढकलले, धरले की हातावर मारले ते दाखवतो, मग पुढे काय ते. नांदेडच्या हॉकीप्रेमींना ठाऊक आहे की पायाला चेंडू लागला तर अंपायर स्वतःचा पाय किंचित उचलून घोट्याजवळ हात लावतो. म्हणजे तोच माणूस सकाळी कारण सांगतो आणि दुपारी फुटबॉलच्या मैदानावर मौन धरतो.

रग्बीकडून माइक किंवा कॅमेरा आणा, असे आमचे म्हणणे नाही. तिथली बोलण्याची शिस्त घ्या, एवढेच आहे. तिला खर्च नाही, आणि ती नसली की काय होते हे जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगने दाखवून दिले आहे. 30 सप्टेंबर 2023, इंग्लंडची प्रीमियर लीग, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला, लाइन्समनने ऑफसाइडचे निशाण वर केले. व्हीएआरच्या खोलीत रेषा आखल्या, डियाझ ऑनसाइड निघाला. तंत्र बरोबर चालले होते, निष्कर्षही बरोबर होता. फक्त खोलीतला पंच असे धरून चालला होता की मैदानावर गोल दिला गेला आहे. त्यामुळे तो "चेक कम्प्लीट" म्हणाला. मैदानावरच्या पंचाने त्याचा अर्थ घेतला की ऑफसाइड कायम. खेळ फ्री किकने सुरू झाला, आणि खेळ सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही. चूक सर्वांत आधी लक्षात आली ती रिप्ले चालवणाऱ्याच्या. तोवर उशीर झाला होता. टॉटनहॅमने सामना 2-1 जिंकला. पुढे संभाषणाची ध्वनिफीत जाहीर झाली, तेव्हा जगाने ती चूक कानांनी ऐकली.

एसटीचा कंडक्टर एक घंटी देतो तेव्हा थांब, दोन देतो तेव्हा चल. तो नुसता "झालं!" असे ओरडला, तर ड्रायव्हरने काय समजायचे? उतरणाऱ्यांचे झाले की चढणाऱ्यांचे? "चेक कम्प्लीट" हे तसलेच "झालं" होते. रग्बीत हा घोळ बहुधा पहिल्याच वाक्यात पकडला गेला असता. तिथे पंच टीएमओकडे (रग्बीतला व्हिडिओ तपासणारा पंच) जाताना आधी मैदानावरचा निर्णय मोठ्याने सांगतात, ट्राय (म्हणजे गुण झाला) किंवा नो ट्राय, आणि नेमके काय तपासायचे तेही सांगतात. उत्तर त्याच क्रमाने परत येते. फुटबॉलमध्ये ते असे झाले असते: मैदानावरचा निर्णय ऑफसाइड, तपासणीत खेळाडू ऑनसाइड, म्हणून गोल. तीन तुकडे, पाच-सहा सेकंद.

आपल्याकडे व्हीएआर नाही, हेडसेटही नाहीत. म्हणून हा प्रश्न आपला नाही असे वाटेल. पण पंच आणि लाइन्समन यांच्यात आपल्याकडे चाळीस-पन्नास मीटरचे अंतर आणि एक निशाण एवढेच असते. लाइन्समनने निशाण हलवले तर ते ऑफसाइडचे की फाउलचे? फाउल पेनल्टी एरियाच्या आत की बाहेर? नियमपुस्तकाच्या मार्गदर्शनात याची चाल दिली आहे: पंचाला न दिसलेला गुन्हा पेनल्टी एरियात झाला असेल तर नजरानजर करायची, निशाण उंचवायचे आणि टचलाइनवरून कॉर्नर फ्लॅगकडे सरकायचे. ही चाल पाठ असलेला लाइन्समन तालुक्याला मिळेलच असे नाही. अनेकदा तो शेजारच्या शाळेचा बदली खेळाडू असतो. म्हणून सामन्याआधी पाच मिनिटे बसून दोनच शब्द ठरवून घ्या, "आत" आणि "बाहेर". लाइन्समनने ओरडून सांगायचे, पंचाने तोच शब्द मोठ्याने परत म्हणायचा, मगच हात दाखवायचा. क्रिकेटमध्ये स्कोअररने हात वर करून पोच दिल्याशिवाय अंपायर पुढचा चेंडू टाकू देत नाही, तसेच हे. पोच मिळाली नाही तर निरोप पोचला नाही असेच धरायचे.

आता मैदानावरच्या बोलण्याकडे. आमची सूचना तीन शब्दांची आहे: रंग, नंबर, कृती. शिट्टी, दिशेचा हात, आणि चेंडूच्या जागेकडे जाता जाता "पिवळा, सहा, होल्ड." दोन सेकंदांत संपले पाहिजे. कृतीचे शब्द मोजके ठेवा: ट्रिप, पुश, होल्ड, किक, चार्ज, हँड. ते मराठीत आणण्याच्या फंदात पडू नका. छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर एका संघात मराठी, दुसऱ्यात दखनी बोलणारी पोरे असतात. "पुश" दोघांनाही कळते, "ढकलले" आणि "धक्का दिया" यांत एकाची बाजू घेतल्यासारखे वाटते. नुसते "फाउल" मात्र म्हणायचे नाही, त्याने काहीच सांगितल्यासारखे होत नाही.

सर्वांत जास्त भांडण जिथे होते तिथे एक शब्द जोडा. पाय धोकादायक उंचीवर गेला पण कुणाला लागला नाही, तर इनडायरेक्ट. लागला, तर डायरेक्ट. अडवणुकीचेही तसेच: अंगाला अंग न लावता वाट अडवली तर इनडायरेक्ट, लावले तर डायरेक्ट. "पाय वर, लागला नाही, इनडायरेक्ट" एवढे म्हटले की भिंत लावणाऱ्या संघालाही कळते की थेट गोल मोजला जाणार नाही. ऑफसाइडबाबत थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड नसते. शालेय सामन्यांत यावरून होणारी आरडाओरड "थ्रो आहे, ऑफसाइड नाही" या एका वाक्याने बरीच कमी होईल.

हे करताना कुठे चुकते तेही सांगतो. पहिली चूक म्हणजे खेळ थांबवून बोलणे. रग्बीत स्क्रम बांधायला वेळ लागतो, पंचाला बोलायला जागा मिळते. फुटबॉलमध्ये ज्याच्यावर फाउल झाला त्याला लगेच किक घेण्याचा हक्क आहे. पंचाचे वाक्य त्या किकच्या आड आले, तर गुन्हेगार संघाचाच फायदा होतो. म्हणून चालता चालता बोलायचे, उभे राहून नाही. दुसरी चूक, समर्थन करणे. "मला असे वाटले की..." अशी सुरुवात केली की समोरच्याला वाद घालायला फट मिळाली. जे पाहिले ते सांगा, वाटले ते नको. तिसरी, पुन्हा पुन्हा सांगणे. एकदा सर्वांना, मागितले तर एकदा कर्णधाराला, तिसऱ्यांदा कुणालाही नाही.

आणि चौथी, जी चांगल्या पंचांकडूनही होते: सूचना देत राहणे आणि शिक्षा न देणे. रग्बीचे पंच सतत बोलून गुन्हा टाळतात, "हात काढा", "बाजूला व्हा". कॉर्नरच्या वेळी फुटबॉलमध्ये याचा सर्वाधिक उपयोग आहे. कारण चेंडू खेळात येण्याआधी झालेल्या धराधरीला फ्री किक किंवा पेनल्टी देता येत नाही. पंच फक्त कॉर्नर थांबवून ताकीद किंवा कार्ड देऊ शकतात. तेव्हा "लाल चार, हात काढ" असे मोठ्याने म्हणा, दोन्ही संघांतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असे. त्यानंतर चेंडू खेळात आल्यावर त्याच चार नंबरने पुन्हा धरले, तर पेनल्टी द्याच. नाही दिली तर पुढच्या सामन्यात पंचाच्या तोंडच्या शब्दाला कुणी विचारणार नाही. सूचना एकाच संघाला मिळत राहिल्या, तर "पंच त्यांना शिकवतोय" हा आरोपही ठरलेलाच.

रग्बीतली आणखी एक गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते: कार्ड देताना मोठ्याने विचार करणे. 2019 पासून तिथे डोक्याला लागणाऱ्या टॅकलसाठी प्रश्नांची ठरीव उतरंड आहे. गुन्हा झाला का? धोका किती होता? तो कमी धरावा असे काही कारण आहे का? पंच त्या पायऱ्या बोलत उतरतात आणि कार्डावर येतात. कार्ड पटले नाही तरी वाट दिसते.

फुटबॉलमध्ये ही वाट तयार आहे, फक्त ती पंचाच्या डोक्यात कोंडलेली असते. गोलची उघड संधी हिरावली का, हे ठरवायला नियमात चार निकष दिले आहेत: गोलपर्यंतचे अंतर, खेळाची दिशा, चेंडूवर ताबा राहण्याची शक्यता, आणि बचाव करणारे किती व कुठे. आपल्या मैदानांवर मात्र एकच आरोळी असते, "लास्ट मॅन! रेड, रेड!" लास्ट मॅन हा शब्द नियमात कुठेही नाही. शेवटचा खेळाडू असूनही चेंडू कोपऱ्याकडे जात असेल तर रेड बसत नाही. मागे एक बचावपटू असूनही तो पोचणारच नसेल तर बसू शकते. पंचाने कार्ड काढण्याआधी चार शब्द म्हणावेत: "जवळ. सरळ. ताबा. मध्ये कुणी नाही." मग रेड. एखादा निकष बसत नसेल तर तोच सांगावा: "चेंडू बाहेर जात होता. यलो." कर्णधाराशी पुढचे बोलणे मग त्या एका शब्दावर होते, पंचाच्या हेतूवर नाही.

त्यातच पेनल्टी एरियातला प्रसंग. 2016 पासून नियम असा की आत गुन्हा करणाऱ्याने चेंडू खेळण्याचा खरा प्रयत्न केला असेल आणि पेनल्टी दिली असेल, तर रेडऐवजी यलो. ओढले, ढकलले, धरले तर रेडच. हा फरक माहीत नसलेल्या प्रेक्षकाला पेनल्टीवर यलो म्हणजे पंच घाबरला असे वाटते. "बॉलसाठी प्रयत्न, पेनल्टी, यलो." हे वाक्य म्हणायला तीन सेकंद लागतात, न म्हटल्यास सामना दहा मिनिटे थांबतो.

एवढे सगळे बोलायचे तर ऐकणारा एकच हवा. रग्बीत पंचाशी निर्णयाबद्दल बोलायचे ते कर्णधारानेच, ही जुनी रीत आहे. हुज्जत घातली तर पेनल्टीची जागा दहा मीटर पुढे सरकते. फुटबॉलनेही फ्री किक पुढे नेण्याचा हा प्रयोग 2000 नंतरच्या काही वर्षांत करून पाहिला आणि सोडून दिला. त्याची आम्ही मागणी करत नाही, कारण आजच्या नियमात ते बसत नाही. पण कर्णधाराचा नियम आता फुटबॉलमध्येही आला आहे. 2024 च्या युरो स्पर्धेत तो वापरला गेला, फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयएफएबीने त्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना तो स्वीकारता येतो. पंच गरजेप्रमाणे स्वतःभोवती चार मीटरचे वर्तुळ मोकळे ठेवायला सांगू शकतात, त्यात फक्त कर्णधार येईल. घेराव घालणाऱ्याला यलो. कर्णधार गोलकीपर असेल तर टॉसच्या वेळी मैदानातला एक खेळाडू नेमून घ्यायचा. नाहीतर तो साठ मीटर पळत येईल आणि गोल उघडा पडेल.

इथे आपली अडचण फार साधी आहे. शालेय संघांकडे आर्मबँड नसतो, कित्येकदा जर्सीला नंबरही नसतो. मग "पिवळा सहा" कुणाला म्हणायचे? संयोजकांनी शिंप्याकडून भडक रंगाच्या इलॅस्टिकच्या पट्ट्या शिवून टेबलावर ठेवाव्यात, प्रत्येक कर्णधाराला एक. नंबर नसलेल्या संघाला नंबर लिहिलेले बिब द्यावेत. हे झाले नाही तर बाकीचे पत्र वाचण्यात अर्थ नाही. आणि हा सौदा दोन्ही बाजूंचा आहे: बाकीच्यांनी गप्प बसायचे, तर कर्णधाराला उत्तर मिळालेच पाहिजे. त्यालाही "जा, खेळ" म्हणून हाकलले, तर पुढच्या वेळी अकराच्या अकरा येतील.

हुज्जतीवर रग्बीसारखा तात्पुरता बाहेर बसवण्याचा उपायही नियमात आहे, पण तो युवा, ज्येष्ठ, दिव्यांग आणि तळाच्या फुटबॉलसाठी, आणि राष्ट्रीय संघटनेच्या परवानगीने. बाहेर बसण्याचा काळ सामन्याच्या एकूण वेळेच्या 10 ते 15 टक्के. 60 मिनिटांच्या सामन्यात 6 ते 9 मिनिटे. पंच यलो दाखवून दोन्ही हातांनी बसायच्या जागेकडे निर्देश करतात, आणि घड्याळ खेळ पुन्हा सुरू झाल्यावर चालू होते, खेळाडू रेंगाळत बाहेर गेला तेव्हापासून नाही. इंग्लंडमध्ये 31 लीगमध्ये चाचणी घेतल्यावर हुज्जत 38 टक्क्यांनी घटल्याचे तिथल्या फुटबॉल असोसिएशनने सांगितले आणि 2019-20 पासून तळाच्या सर्व स्पर्धांत तो लागू केला. वरच्या संघटनेमार्फत परवानगीचा अर्ज जिल्ह्यांनी मिळून करावा. टेबलावर वेळ मोजणारा स्वतंत्र माणूस नसेल, तर मात्र ही भानगड सुरूच करू नका.

राहिला माइक. 2023 च्या महिला विश्वचषकात पंचांनी व्हीएआरचा निर्णय मैदानाला स्वतः ऐकवला, जानेवारी 2025 मध्ये इंग्लंडच्या लीग कपच्या उपांत्य सामन्यातही. आपल्याकडे पंचाला माइक नाही, पण स्पर्धेला स्पीकर आणि माइकवाला असतोच. गोल रद्द झाला, पेनल्टी दिली किंवा रेड दाखवले, तर चौथ्या पंचाने चिठ्ठीवर तीन शब्द लिहून त्याच्याकडे द्यावेत. त्याने ते जसेच्या तसे वाचावेत. "पंचांचा धक्कादायक निर्णय!" हा मसाला त्याने घातला की सगळ्यावर पाणी पडते, म्हणून वाक्याचा साचा आधीच लिहून द्या: "गोल रद्द. निळा नऊ. ऑफसाइड." खिशात फोन ठेवून सामना रेकॉर्ड करण्याचा मोह मात्र टाळा. संवादाची साधने आणि तंदुरुस्ती मोजणारी उपकरणे सोडून इतर इलेक्ट्रॉनिक साधने अंगावर बाळगायला पाचव्या नियमात पंचांना मनाई आहे. सरावासाठी रेकॉर्डिंग हवे तर ते सराव सामन्यातच करा.

उघडपणाने शिव्या थांबतात, असे आम्ही म्हणत नाही. 28 ऑक्टोबर 2023 च्या रग्बी विश्वचषक अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या कर्णधाराचे यलो तपासणीनंतर रेड झाले, दक्षिण आफ्रिका 12-11 ने जिंकली, आणि प्रत्येक निर्णय जगाला ऐकू आला असूनही पंच वेन बार्न्स यांना समाजमाध्यमांवर अत्यंत हीन धमक्या आल्या. लगेचच ते निवृत्त झाले. 1989 मध्ये इंग्लंडमध्ये मिलवॉल-आर्सेनल सामन्यात पंच डेव्हिड एलरे यांना माइक लावला, तेव्हा आर्सेनलचा कर्णधारच त्यांना फसवा म्हणताना ऐकू आला. त्या ध्वनिफितीवरून खेळाडूंनी जीभ आवरावी असे ठरायला हवे होते. तिथे रुजले ते माइक नको हे.

आमची मागणी छोटी आहे. यंदाच्या तालुका फेऱ्या सुरू होण्याआधी प्रत्येक जिल्ह्यात पंचांची एक संध्याकाळ घ्या. पंचाने शिट्टी वाजवायची, हात दाखवायचा, तीन शब्द म्हणायचे. वीस मीटरवर एकाने वही घेऊन पाठमोरे उभे राहायचे आणि ऐकू आले ते लिहायचे. लिहिता आले नाही तर पुन्हा. सामन्याच्या अहवालात कार्डाच्या रकान्याशेजारी "सांगितलेले कारण" असा एक रकाना वाढवा, आणि टेबलावरच्या माणसाने त्याच्या वहीत ऐकलेले कारण वेगळे लिहावे. स्पर्धा संपल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळलेल्या नोंदी मोजा. पहिल्या स्पर्धेत त्या कमीच जुळतील. जुळणार नाहीत त्या नोंदी आम्हाला पाठवा, पुढच्या संध्याकाळी सुरुवात त्यांच्यापासून करू.

आपले,
मराठवाड्यातील काही फुटबॉल पंच, प्रशिक्षक आणि क्रीडाशिक्षक